स्टेशन चार

चारशे अठरा वर्कशीटं.
शीट एक, शीट एकची कॉपी, फायनल, फायनल दोन,
आणि एकाचं नाव नुसतंच ‘बघूया’,
ते कोणी ठेवलं, आता कुणालाच आठवत नाही.
चोडणच्या खाजनात पाच सेन्सर रोवलेत,
दर दहा मिनिटांनी पाण्याची चव घेतात
आणि तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटतात.

फळदेसाई सर म्हणाले, सोमवारी अहवाल.
म्हणून मी पणजीच्या ऑफिसात स्क्रिप्ट लिहायला बसले.
पावाला लोणी लावलं होतं, ते तसंच राहिलं.

प्रत्येक शीट उघड. पहिल्या ओळीतली तारीख वाच.
स्टेशन कुठलं ते विचार.
सप्टेंबरचं सप्टेंबरच्या फोल्डरात घाल,
ज्याला तारीखच नाही त्याला बाहेर ओसरीवर बसव.
आलेख काढ. अक्ष आपोआप बसव.
पुढची शीट.

अकराव्या शीटवर अडखळली
(टिंबाच्या जागी कुणीतरी स्वल्पविराम दिलेला),
मग सुटली,
सुकतीला मानस उघडावी तशी, धो धो.

आपोआप बसणाऱ्या अक्षाचा स्वभाव असा:
हाती येईल ते चौकटभर करून दाखवतो.
चिमूटभर मीठ असो की टोपलीभर,
डोंगर तेवढाच.
मी हसत हसत खाली सरकत गेले,
डोंगर, डोंगर, डोंगर,

आणि स्टेशन चार.
मानशीच्या आत, पंधरा पावलांवर.
ऑक्टोबर. दोन पूर्णांक एक, दोन पूर्णांक एक,
रात्री दीडनंतर चढ, दोन पूर्णांक सहा,
पहाटेपर्यंत पुन्हा जागेवर.
अशा तीन रात्री.
सप्टेंबरातही तीन.
भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.
सगळ्या अमावास्येच्या आसपास.
पुनवेला एकही नाही.

उधाण तर दोन्हीकडे सारखंच.
फरक फक्त उजेडाचा.

मानशीची फळी आपणहून उचलली जात नाही.
तिथं रुझार असतो,
गुडघ्याला फडकं बांधलेला, लांबूनच ओरडतो,
‘बाये, तुझी मशिनां जेवली?’
आणि केळीच्या पानात सुंगटं बांधून देतो.
पैसे काढले की हात झटकतो.
मी शनिवार मोजले.
दोन शनिवार अमावास्येला चिकटून होते.
त्या दोन्ही दिवशी घरी हुमण झालं होतं,
आईनं परत भात घेतला होता.

तेव्हा आत कोरगुटाचा दाणा भरत होता.
कोरगुट मीठ सोसतो, असं त्याचं नाव आहे.
किती सोसतो, ते त्याला कुणी विचारलेलं नाही.

सर मागून आले. ‘हे डोंगर कसले?
सगळ्यांना एकच माप लाव. शून्य ते पस्तीस.’
बरोबरच होतं त्यांचं.
एक ओळ बदलायची होती. बदलली. चालवली.
मे महिना तेवढा उंच, बाकी सपाट रेघा,
आणि स्टेशन चार इतकं शांत
की तिथं रात्र पडतच नसावी.

स्क्रिप्टमध्ये एक चिन्ह असतं.
ओळीच्या आधी टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही,
वळसा घालून पुढे जातं.
पुढे कधी कुणी माणूस आला तर त्याच्यासाठी.
तिथं मी लिहिलं:
स्टेशन चार, अमावास्या. जवळून बघावं.
पुसलं.
पुन्हा लिहिलं, आणि सेव्ह करून दिवा मालवला.

शनिवारी रायबंदरहून फेरीबोट धरली.
खांद्याला सेन्सरच्या बॅटऱ्या.
पिशवी घरीच ठेवली.